दोन हात, एक रेग्युलेटर: नाशिकच्या तलावातलं एक प्रकरण

व्हिडिओ चार मिनिटांचा आहे, पण त्यातले कामाचे सेकंद एकोणीसच. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसहा, गंगापूर रोडवरच्या एका खासगी जलतरण तलावाचं खोल टोक. खोल म्हणजे साडेतीन मीटर. मार्चमध्ये आम्हा पाच जणांचं कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंगला जायचं ठरलं होतं. त्याआधी पाण्याखाली एकमेकांना हवा द्यायचा सराव उरकून घ्यावा, एवढाच बेत होता. सिलिंडर मुंबईहून भरून आणलेले, त्यामुळे बारबारचा हिशेब (बार म्हणजे दाबाचं माप; सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते त्यावरून कळतं).

मॅनेजरने गळ्यावरून आडवा हात फिरवला: हवा संपली. समोर डॉक्टरताई होत्या. त्यांनी लगेच स्वतःच्या तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा ज्यातून ओढतात तो तोंडाचा भाग, काढून त्याच्यापुढे धरला. मॅनेजरने तो पाहिलाच नाही. त्याची नजर आणि उजवा हात जोडीदाराला द्यायच्या जादा रेग्युलेटरची पिवळी नळी शोधत होते, हनुवटी ते बरगड्या या पट्ट्यात, जिथे ती असते असं त्याला शिकवलं होतं. पिवळं काही सापडेना. हनुवटीखाली रबरी दोरीत अडकवलेला दुसरा रेग्युलेटर तेवढा दिसला, तो त्याने धरून ओढला. त्याच क्षणी ताईंचा डावा हातही त्याच रेग्युलेटरवर गेला, कारण तोंडातला देऊन टाकल्यावर त्यांनी स्वतः घ्यायचा तो हाच. दोघांचे हात एकावर, आणि ज्यातून धडधडीत हवा येतेय तो रेग्युलेटर दोघांच्या मध्ये बुडबुडे ओकत लोंबकळतोय. ताईंचा मास्क निम्मा भरला. एकोणिसाव्या सेकंदाला दोघंही खोकत वर.

कुणाला काही झालं नाही.  पण काठावर टॉवेल गुंडाळून मोबाइलच्या पडद्यात पुन्हा पुन्हा बघताना कळलं की चूक शोधायला गेलं तर ती सापडत नाही. दोघांनी आपापल्या शिकवणीप्रमाणे अगदी बरोबर केलं होतं. गटाची टिपणवही माझ्याकडे असते, म्हणून हे लिहायचं कामही माझ्याकडे आलं.

माणसं आधी सांगतो. नावं देत नाही, गटात ज्या हाका चालतात त्याच वापरतो. मॅनेजर बँकेत आहे, चाळिशीचा. त्याने सगळी कार्डं पायरीपायरीने काढली: पहिलं १८ मीटरचं, मग ३० मीटरचं, मग नायट्रॉक्सचं (जादा ऑक्सिजन असलेली हवा). डॉक्टरताई भूलतज्ज्ञ. त्यांनी थायलंडला जाऊन एक कोर्स केला, ज्यात पाच दिवस जवळजवळ एकाच जागी तरंगायला लावतात आणि शेवटी नापासही करतात. ताई पहिल्यांदा नापास झाल्या होत्या, हे त्या स्वतःच अभिमानाने सांगतात. काका अठ्ठावन्नचे, तीस वर्षं सह्याद्रीत कातळ चढलेले, डायव्हिंगचं कार्ड उतारवयात तारकर्लीला काढलेलं. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॅमेरा त्याचाच. पाचवा मी.

ताईंचा हात तोंडाकडे का गेला, हे समजून घ्यायला फ्लोरिडात जावं लागतं. तिथे जमिनीखालून चुनखडीच्या गुहांचं जाळं आहे आणि झऱ्यांचं पाणी काचेसारखं नितळ. नितळ पाणी माणसाला आत बोलावतं. साठ-सत्तरच्या दशकांत त्या गुहांत माणसं एकामागून एक मेली, आणि त्यात कसलेले समुद्री डायव्हरही होते. शेक एक्सली नावाच्या गणिताच्या शिक्षकाने या मृत्यूंची कारणं एकेक करून तपासली आणि १९७९ मध्ये छोटी पुस्तिका काढली. निष्कर्ष अगदी कोरडे: बाहेरच्या उजेडापर्यंत सलग दोरी नव्हती, परतीसाठी हवा राखली नव्हती, झेपेल त्याहून खोल गेले होते. यातूनच तिसऱ्या भागाचा नियम पक्का झाला. एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना, आणि उरलेली तिसरी आपल्यासाठी नाही, जोडीदारासाठी. हा शेवटचा तुकडा लोक विसरतात. (एक्सली स्वतः एप्रिल १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन या विवरात ३०० मीटरपलीकडे जायच्या प्रयत्नात गेला. ज्याने नियम लिहिले त्याचाच शेवट असा झाला, यावर मी कधी ठाम मत बनवू शकलो नाही.)

त्याच गुहांत विल्यम हॉगार्थ मेन नावाच्या डायव्हरने सामान कमी करायचं वेड घेतलं. जे लागत नाही ते नको, आणि जे लागतं ते अशा जागी हवं की डोळे मिटूनही हाताला लागावं. लांब नळी आली ती गुहेच्या अरुंद जागेमुळे. दोघांना एकामागे एक बाहेर यायचं असेल तर हातभर नळी पुरत नाही, २ मीटरहून थोडी जास्त लागते. ही लांब नळी स्वतःच्या तोंडात ठेवायची. कारण सरळ आहे. हवा संपलेला माणूस घाबरला की तुमच्या तोंडातलंच हिसकावतो, ते चालू आहे हे त्याला दिसत असतं. मग हिसकावण्याआधी आपणच तेच द्यावं, आणि आपल्याला गळ्यातला घ्यावा.

फ्लोरिडातला वाकुला झरा आणि त्याभोवतीच्या गुहांत काम करणाऱ्या मंडळींनी नव्वदच्या दशकात या मांडणीचा पंथ केला. ९० मीटरच्या आसपास खोली, तासन्‌तास आत, आणि वर येताना त्याहून जास्त तास थांबे, शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून. तिथे प्रत्येकाने वेगळा पट्टा, वेगळी नळी, वेगळा वायू वापरणं परवडणारं नव्हतं. ‘डूइंग इट राइट’ हे नाव तेव्हाचं. जॉर्ज अर्विनने ते गाजवलं, जॅरड जॅब्लॉन्स्कीने १९९८ मध्ये ग्लोबल अंडरवॉटर एक्स्प्लोरर्स ही संस्था काढून त्याचा अभ्यासक्रम केला; ताईंचा थायलंडचा कोर्स त्यातलाच. याच जॅब्लॉन्स्कीने केसी मॅकिन्लेबरोबर २००७ च्या डिसेंबरात टर्नर सिंक ते वाकुला अशी सुमारे ११ किलोमीटरची गुहा पाण्याखालून पार केली. तेव्हा ही पद्धत चालते का, हा प्रश्न उरत नाही. ती कुठे चालते, हा उरतो.

‘करायचं ते बरोबर’ असं नाव घेतलं की बाकीचे आपोआप चूक ठरतात, ही त्या नावातलीच मेख. अर्विन तर बेशिस्त डायव्हरांना ‘स्ट्रोक’ म्हणायचा आणि पहिला नियम सांगायचा: स्ट्रोकबरोबर पाण्यात उतरू नका. आमच्या प्रकरणाला हा नियम लावला तर उत्तर एका ओळीत संपतं. ताईंनी मॅनेजरबरोबर डाइव्ह करायचीच नाही.

मॅनेजरच्या हाताचा इतिहास एवढा नाट्यमय नाही, म्हणून कुणी सांगत नाही, पण जगात जास्त हात त्याच्याच बाजूचे आहेत. १९६६ मध्ये अमेरिकेत पॅडी ही डायव्हिंग शिकवणारी संस्था सुरू झाली. तिने शिक्षणाचे छोटे तुकडे केले. सुट्टीवर आलेल्या माणसाला चार दिवसांत सुरक्षितपणे पाण्याखाली नेऊन आणायचं, पुढचं पुढच्या सुट्टीत. सामान भाड्याचं, त्यामुळे जगात कुठेही गेलात तरी पिवळी नळी पिवळीच. देणारा स्वतःचा रेग्युलेटर तोंडातून काढत नाही, म्हणजे नवशिक्याला एक धोका कमी. टेक्निकल, म्हणजे सुट्टीतल्या डायव्हिंगच्या मर्यादेपलीकडच्या डायव्हिंगमध्येही हीच पायऱ्यांची रीत आली. १९९४ मध्ये निघालेल्या टीडीआय या संस्थेने एकेक विषयाचा एकेक कोर्स ठेवला आणि कुठली मांडणी वापरायची ते बरंचसं डायव्हर आणि प्रशिक्षकावर सोडलं. ब्रिटनमध्ये तिसराच प्रकार होता. १९५३ च्या ब्रिटिश सब-अॅक्वा क्लबमध्ये क्लबातले जुने लोक नव्यांना फुकट शिकवायचे, आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांसारखं. नाशिककराला हे सगळ्यात लवकर कळतं.

तलावावरून आम्ही मिसळ खायला गेलो. खरं भांडण तिथे झालं.

‘‘अहो ताई, तुम्ही त्या फ्लोरिडाच्या गुहेतून आधी बाहेर या,’’ मॅनेजर म्हणाला. ‘‘आपण वीस मीटरवर मासे बघायला चाललोय. वर उजेड आहे, डोक्यावर छत नाही.’’

‘‘छत नाही म्हणून हात बदलत नाही रे. घाबरल्यावर तू विचार करणार का, आता मी गुहेत आहे की समुद्रात?’’

ताईंनी मग त्यांच्या भूल द्यायच्या यंत्राचं उदाहरण दिलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरला ज्या जागी भोकं असतात तिथेच ऑक्सिजनच्या जोडणीला पिना असतात. नायट्रस ऑक्साइडच्या वेगळ्या. चुकीचा सिलिंडर लावायचा म्हटलं तरी बसत नाही. ‘‘डॉक्टर हुशार असतो म्हणून नाही, पहाटे तीन वाजता तो झोपेत असतो म्हणून.’’

‘‘म्हणजे तुमचं यंत्र माणसावर विश्वासच ठेवत नाही.’’

‘‘नाहीच ठेवत,’’ ताई म्हणाल्या आणि पाव मागवला.

काका इतका वेळ तर्री हलवत होते. ते म्हणाले, ‘‘आमच्याकडे आठाचीच गाठ. तुला याहून चांगली गाठ येत असेल, तरी बांधायची नाही. अंधारात दुसऱ्याच्या बोटांना ओळखू आली पाहिजे.’’ मॅनेजरला वाटलं काकाही फितूर झाले. पण काका पुढे म्हणाले, ‘‘मात्र कातळावर मी त्याच्याशी दोराने बांधलेला असतो. तो पडला तर मला झटका बसतोच. पाण्यात दोर कुठाय? जोडीदार दोन फिन मारून निघून गेला की मी एकटा. म्हणून माझं मी बघतो.’’

हे ‘माझं मी बघतो’ वेडेपणाचं वाटेल, पण त्यालाही जुनी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये १९४६ साली केव्ह डायव्हिंग ग्रुप निघाला. तिथल्या गुहा म्हणजे गढूळ, थंड, माणूस जेमतेम सरपटेल एवढ्या. अशा ठिकाणी दुसरा माणूस मदतीपेक्षा अडचणच जास्त करतो: तो गाळ उडवतो, वाट अडवतो, दोरीत गुंततो. म्हणून तिथली रीत एकट्याने जायची, दोन स्वतंत्र सिलिंडर आणि दोन स्वतंत्र रेग्युलेटर घेऊन. एकातलं गेलं तर दुसरं माझंच. फ्लोरिडाचे आणि इंग्लंडचे लोक एकमेकांना वर्षानुवर्षं मूर्ख म्हणत आले, आणि दोघांकडेही आपापल्या जागी जिवंत परतलेली माणसं पुराव्याला होती.

माझं मत मिसळीच्या टेबलावर बनलं ते असं. प्रत्येक शिकवण आपलं पाणी बरोबर घेऊन येते. लांब नळीत फ्लोरिडाची अरुंद वाट आहे, पिवळ्या नळीत भाड्याच्या सामानाचं दुकान आहे, काकांच्या ‘माझं मी बघतो’मध्ये इंग्लंडचा गाळ आहे. आमच्या तलावात त्या रविवारी फ्लोरिडा आणि रिसॉर्ट समोरासमोर आले आणि त्यांचा एकमेकांशी परिचयच झालेला नव्हता. गंगापूर धरणात सराव करायचा विचार आम्ही आधी केला होता. शहराचं पिण्याचं पाणी आणि परवानग्यांचा घोळ बघून सोडला. तिथे उतरलो असतो तर त्या गढुळात काका सगळ्यांत शहाणे ठरले असते.

ताईंच्या बाजूचा मला सगळ्यात पटलेला मुद्दा नळीचा नाही, हवेच्या हिशेबाचा. ‘५० बारला बोटीवर’, म्हणजे सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना बोटीवर पोचायचं, हा नियम आम्ही सगळे पाठ म्हणत होतो. ताईंनी टिशू पेपरवर हिशेब मांडला. आमचा सिलिंडर ११.१ लिटरचा. २० मीटरवर एकाची हवा संपली. दोघं एका सिलिंडरवर, घाबरलेली, म्हणून प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरू, मिळून ६०. तळाशी गडबड निस्तरायला १ मिनिट: दाब ३ बार, १८० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या आसपास वेगाने ५ मीटरपर्यंत यायला २ मिनिटं: सरासरी २.२५ बार, २७० लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा: १.५ बार, २७० लिटर. शेवटचं १ मिनिट ७५ लिटर. बेरीज ७९५ लिटर, ११.१ ने भागलं की जवळजवळ ७२ बार. तोच हिशेब ३० मीटरवरून केला तर १,०८० लिटर, ९७ बार. शांतपणे, मिनिटाला २० लिटरने श्वास घेतला तर २० मीटरवरून ४८ बारमध्ये भागतं. म्हणजे ५० बारचा नियम शांत माणसांसाठी आहे. मॅनेजरने बेरीज दोनदा तपासली. बँकेतला माणूस, आकड्यापुढे त्याचा अहंकार टिकत नाही. तो टिशू अजून माझ्या वहीत आहे, तर्रीच्या डागासकट.

वायूंवरचा वाद आम्ही पाच मिनिटांत गुंडाळला, कारण तो आमच्या खोलीचा नव्हता. ताईंच्या शाळेत ३० मीटरच्या खाली साध्या हवेवर जात नाहीत, हेलियम मिसळतात. टीडीआयचा एक कोर्स ५५ मीटरपर्यंत हवेवर नेतो. नायट्रोजनची नशा आणि दाबाखाली दाट झालेली हवा ओढताना साठणारा कार्बन डायऑक्साइड, हे दोन्ही ताई रोजच्या कामातून ओळखतात, त्यामुळे त्यांना यात वादच दिसत नाही. मलाही नाही.

पण मग मॅनेजरने फोनवर एक गोष्ट काढली आणि ताई पहिल्यांदा गप्प झाल्या. वाकुलाच्या मंडळींचा खोल थांब्यांवर फार विश्वास होता: वर येताना बरंच खालीच थांबायला सुरुवात करायची, म्हणजे बुडबुडे धरतच नाहीत. मासे गोळा करणाऱ्या रिचर्ड पाइल या शास्त्रज्ञाने स्वतःच्या अनुभवावरून असे थांबे लोकप्रिय केले होते. नव्वदच्या दशकात आणि पुढेही ते जवळजवळ धर्म झाले. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने ते प्रत्यक्ष तपासले आणि २०११ मध्ये निकाल छापला. १७० फुटांवर ३० मिनिटं, वर येण्याचा एकूण वेळ दोन्हीकडे सारखा. उथळ थांब्यांच्या १९२ डाइव्हमध्ये ३ जणांना डिकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना शरीरात बुडबुडे धरून होणारा, त्रास झाला, खोल थांब्यांच्या १९८ मध्ये १० जणांना.

‘‘सगळे एकसारखे,’’ मॅनेजर म्हणाला, ‘‘म्हणजे चुकलात तर सगळे एकदम चुकणार.’’

‘‘बरोबर आहे,’’ ताई म्हणाल्या. ‘‘पण सगळे एकसारखं करत असले तर चूक सापडतेही लवकर. तुमच्यात दहा जणांचे दहा प्रकार, कशाने त्रास झाला हे कळणार कसं?’’ मला अजून वाटतं की इथे दोघंही अर्धेअर्धे बरोबर होते.

नेत्राणीचं ठरवताना मग आम्ही कुणालाच बदलायला सांगितलं नाही. ताईंनी भाड्याची पिवळी नळी वापरावी असा प्रस्ताव होता, त्यांनी तो साफ नाकारला. वर्षभर घोटलेला हात एका सहलीसाठी बिघडवायचा नाही, आणि मला ते मान्य आहे. जोड्या मात्र बदलल्या. ताईंबरोबर मी, कारण पुढच्या तीन रविवारी मी लांब नळीचा सराव त्यांच्याबरोबर करून घेतला. मॅनेजर आणि पोरगा, दोघेही पिवळे. काका तिथल्या गाइडबरोबर, आणि त्यांनी गोव्याहून जुना ३ लिटरचा छोटा सिलिंडर पैदा केला होता, तो डाव्या बगलेखाली. दोन नियम लिहून घेतले: ७० बारला वर निघायचं, आणि बोटीवरून उडी मारण्याआधी प्रत्येक जोडीने हवा द्यायची-घ्यायची कृती कोरड्यात एकदा हाताने करायची. तोंडाने सांगणं नाही, हाताने.

मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडवरून निघून पुढे कोकण रेल्वेच्या रुळावर जाते. कारवारला उतरून गाडी केली. मुर्डेश्वरहून नेत्राणी सुमारे १९ किलोमीटर आत. बोटीवरच्या गाइडने आमची कोरडी कवायत बघून भुवई उंचावली. ताईंनी त्याला नळी दाखवली, तो म्हणाला, ‘‘मॅडम, मग मला गरज पडली तर मी कुठलं घ्यायचं?’’ सगळ्या प्रवासातला हा सगळ्यात कामाचा प्रश्न होता, आणि तो आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. त्यालाही एकदा करून दाखवलं. पाणी हिरवट होतं, आठ-दहा मीटर दिसत होतं. पहिल्या दिवशी १८ मीटरवर माझा काटा ७० ला आला, आणि मी खूण केली तेव्हा ताई एका फटीत लपलेला मोरे ईल बघत होत्या. त्या लगेच वळल्या, पण वर आल्यावर दिवसभर बोलल्या नाहीत.

परतीचा एक नाशिककरी घोळ होता. आपण राहतो ६०० मीटरच्या जवळपास, म्हणजे समुद्रात डाइव्ह करून घरी येणं हेच उंचीवर चढणं, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की तेच बुडबुडे धरू शकतात. बऱ्याच डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तासांची जी शिफारस आहे, ती साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला धरून आहे. इगतपुरी बरोबर त्या सीमेवर बसते. मुंबईकर डायव्हरला हा विचार करावा लागत नाही. आम्ही शेवटच्या डाइव्हनंतर एक मुक्काम वाढवला. मॅनेजरने कुरकुर केली, रजेचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी कसाऱ्याला घाट चढवायला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागलं तेव्हा तो काकांना विचारत होता की लांब नळी कितीला पडते, आणि ताई ऐकू येत नसल्यासारखं खिडकीबाहेर बघत होत्या.

एप्रिलमध्ये त्याच तलावात, त्याच टोकाला, पुन्हा सराव केला. या वेळी जोड्या चिठ्ठ्या टाकून. मॅनेजर आणि ताई: सहा सेकंद, स्वच्छ. पोरगा आणि मी: सात. काका आणि ताई: चौदा. पोराने व्हिडिओ हळू लावला. ताईंनी तोंडातला रेग्युलेटर काकांच्या नाकासमोर धरलेला आहे, आणि काकांचा हात स्वतःच्या डाव्या बगलेखाली छोटा सिलिंडर चाचपतोय. तो त्या दिवशी त्यांनी घरीच ठेवला होता.